राजकुमारी शार्लट (वेल्स)

राजकुमारी शार्लट ऑगस्टा (७ जानेवारी, १७९६ - ६ नोव्हेंबर, १८१७) ही ब्रिटनचा युवराज जॉर्ज (पुढे राजा चौथा जॉर्ज) व कॅरोलाइन यांची एकुलती एक कन्या होती. पित्यानंतर राजपद तिच्याकडे येणार होते. २ मे, १८१६ रोजी तिचा विवाह सॅक्स-कोबर्गचा राजपुत्र लिओपोल्ड याच्याशी झाला.

प्रसूती व मृत्यू

शार्लटच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १९ ऑक्टोबर, १८१७ होती. परंतु दिवस उलटून गेले तरी कळा आल्या नाहीत. प्रसूतितज्ज्ञ सर रिचर्ड क्रॉफ्ट याने गर्भावस्थेत तिचा आहार मर्यादित ठेवला होता व रक्तमोक्षणही केले होते. सरे परगण्यातील क्लेअरमाँट येथे ३ नोव्हेंबरच्या सायंकाळी कळा सुरू झाल्या. त्या मंदावल्या, तरी चिमटा न लावता वाट पाहण्यात आली. सुमारे ५० तासांनंतर, ५ नोव्हेंबरच्या रात्री, तिने मृत पुत्राला जन्म दिला. त्यानंतर काही तासांतच तिचे निधन झाले. राजघराण्याने दोष दिला नसला तरी क्रॉफ्टवर लोकांतून टीका झाली. फेब्रुवारी १८१८मध्ये त्याने आत्महत्या केली.

परिणाम

तिसऱ्या जॉर्जला औरस नातवंड न उरल्याने त्याच्या अविवाहित पुत्रांनी विवाहाची घाई केली. त्यांपैकी केंटच्या ड्यूकची कन्या व्हिक्टोरिया १८३७मध्ये राणी झाली. प्रसूतिशास्त्रात या घटनेनंतर लांबलेल्या प्रसूतीत वेळीच हस्तक्षेप करण्याकडे कल वाढला. गर्भावस्था ४२ आठवड्यांपलीकडे गेल्यास मृतजन्माचा धोका वाढतो; त्यामुळे आता ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर बहुधा औषधाने कळा आणल्या जातात.