रेव्ह. नारायण वामन टिळक व त्यांची भजनाची गोडी

मनुष्य बोलावयास शिकण्यापूर्वी ऐकावयास शिकतो. बालकाच्या जिभेवर पहिला शब्द येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कानांत आईची अंगाई, आजीची ओवी, जात्याची घरघर आणि गावातल्या भजनाचा टाळ भरून राहिलेला असतो. मोठेपणी तो पुष्कळ नवे शिकतो, शहरांत जातो, परक्या भाषा बोलतो. तथापि दुःखाच्या प्रसंगी त्याच्या तोंडून जे गाणे आपोआप निघते, ते बहुधा ह्या पहिल्या शिदोरीतलेच असते. ह्या गोष्टीची उत्तम साक्ष म्हणजे रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र होय. त्यांच्या आयुष्याविषयी अनेकांनी अनेक अंगांनी लिहिले आहे. येथे त्यांची गाण्याची व काव्याची आवड कशी घडत गेली, एवढेच पाहावयाचे आहे. कारण आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत टाळमृदंगावर जी भजने म्हटली जातात, त्यांतील पुष्कळांचे मूळ त्या एका मनुष्याच्या आवडीत आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. बाळपणाची महत्त्वाची वर्षे ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे गेली, व प्राथमिक शिक्षणही तेथेच झाले. वडील वामनराव करारी आणि तापट स्वभावाचे. आई जानकीबाई भाविक, मायाळू व काव्याची गोडी असलेल्या. त्या काळच्या अशा घरांत पहाटे भूपाळ्या म्हटल्या जात, दिवेलागणीस मुलांकडून स्तोत्रे पाठ करवून घेतली जात, चातुर्मासात पोथी लागे आणि उत्सवाच्या दिवशी हरिदासाचे कीर्तन होई. मुलास संगीताचा धडा म्हणून कोणी बसवीत नसे, तरी सूर आणि ताल त्याच्या अंगी मुरत. नारायणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. घरात धाक वडिलांचा होता व गोडवा आईचा होता. त्यामुळे भक्तीचे गाणे आणि मातेची माया ही दोन्ही त्याच्या मनात एकाच गाठीने बांधली गेली. ही गाठ पुढे कधी सुटली नाही.

१८७३ च्या सुमारास, नारायण अवघा अकरा वर्षांचा असताना, जानकीबाई निवर्तल्या. मुलाचे घरावरचे मन उडाले व तो नाशिकास गेला. तेथे त्याने संस्कृत पाठशाळेत अध्ययन केले; गणेशशास्त्री लेले ह्यांच्यासारख्या विद्वानांचा सहवास त्यास लाभला. ह्या वयात मुलांची आवड बदलते, हे आपण सर्वच पाहतो. घरातले साधे गाणे त्यांस बाळबोध वाटू लागते, आणि जे कठीण व प्रतिष्ठित असते त्याची ओढ लागते. तरुण टिळकांचेही तसेच झाले. संस्कृत काव्याचे अलंकार, मोठमोठी वृत्ते, लांब समास ह्यांनी त्यांस मोहिनी घातली. हा काळ व्यर्थ गेला असे मात्र कोणी समजू नये. शब्द तोलून कसा वापरावा, वृत्तात ऱ्हस्वदीर्घ कसे सांभाळावे, ही शिस्त त्यांस ह्याच अभ्यासाने लागली. आईने आवड दिली आणि शास्त्र्यांनी पारख दिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

१८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. वधू अकरा वर्षांची होती. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाली. त्याच वर्षी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, आणि थोड्याच अवधीत नाटकातील पदे घरोघरी, माजघरापासून ओसरीपर्यंत गुणगुणली जाऊ लागली. एका पिढीचा कान ह्या पदांनी घडविला. टिळक त्या पिढीतले. परंतु ते एका गावी फार दिवस टिकत नसत. कधी शिक्षक, कधी भिक्षुक, कधी छापखान्यात खिळे जुळविणारे, असा त्यांचा संसार गावोगाव फिरला. १८९१ मध्ये नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. ह्या भटकंतीत त्यांस पैसा मिळाला नाही, पण महाराष्ट्र ऐकावयास मिळाला. पंडितांच्या सभेत जे कळत नाही ते चावडीवरच्या भजनात कळते. हजार माणसांच्या मनाला एकदम हात घालणारी वाणी संस्कृत श्लोकाची नसून अभंगाची व ओवीची आहे, हे त्यांस तेथे उमगले असावे.

पुढे नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाची भेट झाली व त्याने त्यांस नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. दीर्घ विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. नातलग तुटले, पत्नी व मूल दुरावले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पुढे १९०० मध्ये. टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रुजू झाले, तेथे धर्मशिक्षण देऊ लागले, आणि १९०४ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली.

मंडळीत आल्यावर त्यांच्या कानांस एक मोठी अडचण भासली. त्या वेळी उपासनेत म्हटली जाणारी बरीचशी गीते इंग्रजीतून भाषांतरिलेली व विलायती चालींवर बसविलेली असत. ज्या मिशनऱ्यांनी ती केली, त्यांचा हेतू शुद्ध होता; आपल्या आईकडून शिकलेली गोड गीते त्यांनी प्रेमाने आपणांस दिली. परंतु दोन भाषांचा घाट निराळा. इंग्रजी गीतात शब्दाच्या एका भागावर आघात देऊन चाल पुढे जाते. मराठीत तसा आघात नाही. येथे अक्षरांची किंवा मात्रांची मोजणी असते, आणि ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर शब्द कानांस ओळखू येत नाही. मराठी शब्द परक्या चालीत बसविताना ऱ्हस्व अक्षर ताणावे लागे, दीर्घ आखडावे लागे, व मधेच शब्द तुटे. शाळेत शिकलेला मनुष्य पुस्तक पाहून ते म्हणू शके. ज्यास अक्षरओळख नाही, अशा शेतकऱ्यास किंवा म्हाताऱ्या बाईस मात्र ते गीत पाठही होईना व समजेही ना.

उलट, अभंगाची रचना पाहा. थोरल्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा एक. धाकट्यात आठ-आठ अक्षरांचे दोन. ओवी तर त्याहून मोकळी. तीन सारखे चरण आणि चौथा आखूड. पुस्तक लागत नाही, पेटी लागत नाही. एक टाळ असला तरी पुरे, आणि तोही नसला तर टाळी आहेच. पुढच्याने म्हणावे, मागच्यांनी उचलावे. दोन वेळा ऐकले की पाठ. हे सर्व टिळकांस कोणी शिकवावे लागले नाही. जुनी गाठ मनात होतीच.

तथापि हे काम वाटते तितके सोपे नव्हते. अनेक विश्वासणाऱ्यांस भय वाटे की, जुनी चाल घेतली म्हणजे तिच्या पाठोपाठ जुनी पूजाही येईल. आणखी एक गोष्ट होती, ती अधिक दुखरी होती. ज्यांस पिढ्यान्पिढ्या देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले, ज्यांच्या हातचे वाद्य मिरवणुकीत हवे पण ज्यांचा हात नको, त्यांच्या कानांत टाळमृदंगाबरोबर अपमानाची आठवणही वाजत असे. अशांस परकी चाल म्हणजे मोकळा वारा वाटला, तर त्यांस दोष कसा द्यावा? कल्याणच्या ब्राह्मण घरातल्या मुलास जे सूर मायेचे, ते दुसऱ्या कोणास जखमेचे असू शकतात. आवड सर्वांची एका साच्यात घडत नाही, हे मंडळीच्या पुढाऱ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

परंतु ह्याचे उत्तरही ह्याच भूमीत होते. चौदाव्या शतकातील चोखामेळा देवळाबाहेरच राहिला, आणि अभंग त्याचाही होता. अभंग ही कोणा एका जातीची मिरास कधीच नव्हती; ज्याच्या मनात देवाची तळमळ, त्याची ती वाणी. टिळकांच्या आधी कृष्णराव रत्नोजी सांगळे ह्यांनी देशी चालींवर ख्रिस्ती पदे रचून व कीर्तने करून वाट पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. भजने, पदे, आरत्या, ओव्या त्यांच्या लेखणीतून निघू लागल्या. कीर्तनाची जुनी मांडणी त्यांनी तशीच ठेविली: पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, उत्तररंगात कथा. कथा मात्र उधळ्या पुत्राची, दयाळू शोमरोन्याची, प्रभूच्या जन्माची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. ह्याचा अर्थ असा की, ज्या पुलाने नदी ओलांडली तो पाडून टाकण्यास त्यांचे मन झाले नाही. मागून दुसरेही येणार होते.

ह्या काळात त्यांच्या काव्याची भाषाही निवळली. तरुणपणीचे अवजड अलंकार मागे पडले व शब्द साधे, घरगुती झाले. माणसाची आवड प्रौढ झाली की ती बहुधा आरंभाकडे वळते. फरक इतकाच की, बाळपणी जे नकळत आवडते, ते प्रौढपणी समजून आवडते. फुले आणि मुले ह्यांवर त्यांनी लिहिलेल्या कविता अन्यधर्मीय वाचकांसही तितक्याच प्रिय झाल्या.

दुसऱ्याच्या अंगची आवड ओळखून तिला खतपाणी घालणे हाही त्यांचा गुण होता. १९०७ मध्ये जळगावास कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या तरुणाने कविता म्हटली. हेच पुढे बालकवी म्हणून गाजले. टिळक दांपत्याने ह्या तरुणास अहमदनगरास आपल्या घरी मुलासारखे वागविले. घरात लक्ष्मीबाई स्वतःही कविता रचू लागल्या होत्या. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या ह्या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी गद्यात अढळ स्थान मिळविले.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. शेवटच्या वर्षांत 'अभंगांजली' झाली, आणि प्रभूचे चरित्र ओवीत गाणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला, तेव्हा 'ख्रिस्तायना'चे सुमारे अकरा अध्याय झाले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आईच्या गाण्याने जे सुरू झाले, ते पत्नीच्या ओवीने पुरे झाले.

असे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. मार्टिन लूथर शाळकरी वयात आयसेनाख गावी दारोदार गाऊन भाकरी मिळवीत असे. मोठेपणी त्याने मंडळीच्या हाती तिच्या स्वतःच्या जर्मन भाषेतील गीते दिली. १५२४ मध्ये त्यांची पहिली पुस्तके निघाली. दारोदार गाणाऱ्या मुलाचा कान सुधारकाच्या उपयोगी पडला.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्राचा आपणांशी काय संबंध, ते आता पाहू. टिळक ज्या ठाणे जिल्ह्यात वाढले, त्याच जिल्ह्यातील खाडीकाठचे सानपाडा घ्या. हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. ह्या समाजात लग्नाच्या वेळी धवलारीण धवले गाते. विधी तिच्या गाण्यावर चालतात. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली, आणि गावाभोवती उंच इमारती आल्या. आता तेथील मुलाच्या हाती मोबाईल आहे. सर्व जगाचे संगीत त्याच्या कानांत येते, आणि लग्नात डीजेचा दणदणाट असतो. खेड्यांतही तेच झाले आहे. ह्यात सर्वच वाईट असे नव्हे. टिळकांनीही संस्कृत ऐकले, नाटकाची पदे ऐकली, विलायती गीते ऐकली. ज्याचा पाया पक्का, त्यास पुष्कळ ऐकल्याने लाभच होतो. भय असते ते पाया नसण्याचे. जगाची सर्व गाणी ज्यास येतात, पण आईचे एकही येत नाही, तो संकटाच्या रात्री काय गाईल?

म्हणून उपदेशकांनी व आईबापांनी मुलांस त्यांच्या आवडीबद्दल नुसते रागे भरू नये. रागाने आवड उपटली जात नाही व लागतही नाही. ती मायेच्या संगतीत लागते. जानकीबाईंनी नारायणास गाणे शिकविले असेल ते वेत घेऊन नव्हे. दिवेलागणीस घरातील सर्वांनी एकत्र बसून एक तरी भजन म्हणावे. घरात वृद्ध माता असेल तर तिच्या ओव्या मुलांस ऐकू द्याव्या, व तिच्या हयातीत त्या लिहून ठेवाव्या. मंडळीत टाळ मुलाच्या हाती द्यावा. ठेका चुकला तर हसू नये. पेटीवरचे गीत ज्यास प्रिय त्यास ते गाऊ द्यावे, अभंग ज्यास प्रिय त्यास अभंग. स्तुती दोन्ही मुखांनी होते. कोणत्या घरात कोणते मूल काय ऐकत आहे, आणि तीस वर्षांनी त्याचे काय होणार, हे आपणांस दिसत नाही. कल्याणच्या त्या घरातही ते कोणास दिसले नव्हते.