चार मुलांचे बापू

नोटेवरचे बापू आपल्या खिशात रोज असतात. शाळेत असताना 2 ऑक्टोबरला त्यांच्यावर भाषणं ठोकलीत, फॅन्सी ड्रेसमध्ये काठी घेऊन उभेही राहिलोय. पण राष्ट्रपिता हा शब्द बाजूला ठेवून फक्त पिता म्हणून या माणसाकडे पाहिलंय कधी? हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास. या चौघांना घरात भेटलेले बापू आपल्या ओळखीच्या बापूंपेक्षा बरेच कडक होते. आणि थोडे ओळखीचेही. कारण असे बाबा आपल्यातल्या अनेकांच्या घरी आहेत.

सुरुवात 1888 पासून करू. मोहनदास गांधी तेव्हा अठरा वर्षांचा होता. बॅरिस्टर व्हायला त्याला लंडनला जायचं होतं. जातीतल्या पंचांचा समुद्र ओलांडायला विरोध होता. मुंबईत जातीची सभा भरली, त्याला समज दिली गेली. तो ऐकेना, तेव्हा त्याला जातीबाहेर टाकलं. तरी 4 सप्टेंबरला तो बोटीत बसला. आई पुतळीबाईंनी दारू, मांस आणि परस्त्रीपासून लांब राहण्याची शपथ घ्यायला लावली, पण जाऊ दिलं. त्याच वर्षी त्याला पहिला मुलगा झाला होता, हरिलाल.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट उलटी फिरते.

दक्षिण आफ्रिकेत गांधींची वकिली चांगली चालली, पण मुलांना त्यांनी शाळेत घातलं नाही. गोऱ्यांच्या शाळेत गांधींची मुलं म्हणून खास सवलत मिळाली असती. पण जी सोय बाकीच्या हिंदी मुलांना नाही, ती आपल्या मुलांना नको, हे त्यांचं तत्त्व. मग शिकवायचं कोणी? बापाने. जोहान्सबर्गला घर ते ऑफिस जाऊन-येऊन सुमारे पाच मैल चालणं व्हायचं. मुलं सोबत चालायची आणि गुजरातीतून धडे घ्यायची. ऐकायला भारी वाटतं. पण बापाला वेळ नसेल तेव्हा धडा बुडायचा, आणि वेळ बऱ्याचदा नसायचा.

हरिलालला डिग्री हवी होती. वडिलांसारखं बॅरिस्टर व्हायचं होतं. तसा तो काही बंडखोर वगैरे नव्हता. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात वडिलांच्या हाकेवर तो पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला, लोक त्याला छोटे गांधी म्हणायचे. अशात गांधींचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता यांनी इंग्लंडमधल्या शिक्षणासाठी स्कॉलरशिप देऊ केली. गांधींनी त्यासाठी मुलाऐवजी पुतण्या छगनलालला निवडलं. तो आजारी पडून परत आला, तर सोराबजी अडाजानिया या पारशी तरुणाला पाठवलं. स्वतःच्या मुलाला झुकतं माप द्यायचं नाही, हा हिशोब सार्वजनिक जीवनात शंभर टक्के बरोबर होता. घरात मात्र एक पोरगा दोनदा मागे राहिला.

मे 1911 मध्ये हरिलाल कुणाला न सांगता घर सोडून निघाला. डेलागोआ बे, म्हणजे आजच्या मापुतोपर्यंत पोहोचला. तिथून त्याला परत आणलं. बापलेक रात्रभर बोलत बसले. शेवटी गांधींनीच स्टेशनवर जाऊन त्याला निरोप दिला. त्यांनी मुलाला जाऊ दिलं ते हे पहिल्यांदा, पण तेव्हा हरिलालची शाळेची वर्षं हातातून गेली होती. भारतात येऊन तो मॅट्रिकला बसला आणि नापास झाला. 1918 च्या साथीत बायको गुलाब गेली. मग दारू, कर्ज, धंद्यात खोट. 1915 मध्ये वडिलांना लिहिलेलं तक्रारीचं पत्र त्याने छापूनच टाकलं होतं.

दुसरा मणिलाल. 1926 मध्ये त्याला केपटाऊनच्या फातिमा गूलशी लग्न करायचं होतं. हिंदू-मुस्लीम ऐक्यासाठी जीव टाकणाऱ्या बापाने पत्रातून नकार कळवला. मणिलालने ऐकलं. पुढच्याच वर्षी अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातल्या सुशीलाशी त्याचं लग्न लागलं. दोघांनी फिनिक्स आश्रम आणि ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक सांभाळलं. संसार चांगला झाला. तरीही तो नकार नकारच होता.

आता धाकटा देवदास. डर्बनला 1900 मध्ये त्याचा जन्म झाला तेव्हा दाई वेळेवर मिळेना, म्हणून गांधींनी स्वतःच बाळंतपण केलं होतं. हा मुलगा प्रेमात पडला तो राजगोपालाचारींच्या लक्ष्मीच्या. राजाजी ब्राह्मण, गांधी वाणी. 1921 पर्यंत गांधी स्वतः जातीबाहेरच्या लग्नावरच्या बंधनांची बाजू घ्यायचे. त्यामुळे इथेही नाहीच येणार असं वाटत होतं.

पण या वेळी नाही आलं नाही, अट आली. पाच वर्षं एकमेकांपासून लांब राहा, भेट नाही, पत्र नाही. त्यानंतरही मन तेच असेल तर आमचा आशीर्वाद. आज आपल्याला हीसुद्धा जबरदस्तीच वाटेल, आणि आहेही. पण फरक बघा. मणिलालच्या वेळी निर्णय बापाचा होता, देवदासच्या वेळी शेवटचा शब्द त्या दोघांवर सोडला होता.

दोघं थांबली. मे 1933 मध्ये गांधींनी पुण्याच्या पर्णकुटीत एकवीस दिवसांचा उपवास केला. तो सुटून तीन आठवडे होतात न होतात तोच, 16 जूनला, त्याच पर्णकुटीत लग्न लागलं. लग्न लावलं वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. पुढे गांधींचं मत एवढं बदललं की, सवर्ण आणि दलित यांच्यातलं लग्न असेल तरच मी आशीर्वाद देणार, असं ते म्हणू लागले.

म्हणजे बापू शिकले. पण एकेका मुलामागे एकेक धडा, आणि सगळ्यात महागडी फी भरली हरिलालने. गांधींनी आत्मकथेत मान्य केलंय की मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि त्यांची तक्रार आहे. मात्र शाळेत न घातल्याचा पश्चात्ताप त्यांनी केला नाही. पूर्ण माफी हरिलालच्या वाट्याला आलीच नाही. बापूंच्या हत्येनंतर पाच महिनेही झाले नव्हते, 18 जून 1948 ला मुंबईत शिवडीच्या टीबी हॉस्पिटलमध्ये तो गेला.

हे लिहिताना मला सारखी माझी ताई आठवत होती. तिला हॉस्टेलला जायचं होतं, घरून परवानगी मिळाली नाही. चार वर्षांनी मी मास कॉम म्हटलं आणि बाबा फक्त फी किती एवढंच म्हणाले. मला वाटायचं, मी त्यांना छान पटवलं. पटवलं होतं ताईने, चार वर्षं रडून. आज तिला फोन करणार आहे.