बालगंधर्व : वैभवातच रुजलेली शोकांतिका

जळगावच्या रसिकांना बालगंधर्व हे नाव परके नाही. शहरातील खुल्या नाट्यगृहाला ते दिलेले आहे आणि त्यामागे जुने नाते आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांच्या बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ जळगावात गेला. गाण्याचे आरंभीचे धडेही त्यांना येथेच मेहबूब खाँ यांच्याकडून मिळाले. २६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या या मुलाचे गाणे पुढे लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि त्यांच्या कौतुकातून बालगंधर्व हे नाव रूढ झाले.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेतून रसिकांसमोर आले. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले. तरीही प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला आणि भामिनी रंगमंचावर आली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. जळगाव, धुळ्यासारख्या गावांतही रात्र रात्र संगीत नाटके रंगण्याचा तो काळ होता. १९१६ मधील ‘स्वयंवर’ने मंडळीला वैभवाच्या शिखरावर नेले. त्यांच्या रुक्मिणीची वेशभूषा आणि केशरचना घरंदाज स्त्रिया अनुकरू लागल्या.

याच मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. नाटककाराचे निधन होऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता. बोडस सुधाकर झाले, तर भरजरी शालूंत वावरणारे बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यातील सिंधू झाले. सुधाकराचा नाश दारूने झाला असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. हा बुद्धिमान वकील मुळात विलक्षण मानी आहे. न्यायालयातील खटक्यात त्याची सनद काही काळ जाते. तो अपमान त्याला सोसवत नाही आणि तळीरामाचा पेला त्या जखमेवरचा उतारा म्हणून त्याच्या हाती येतो. शोकात्म नायक दुष्ट नसतो, तो एखाद्या मोठ्या प्रमादामुळे कोसळतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले होते. सुधाकराच्या बाबतीत त्या प्रमादाचे मूळ त्याच्या मानीपणातच आहे. ज्या गुणाने तो मोठा झाला, तोच गुण मर्यादा सोडताच त्याचा वैरी ठरला.

बालगंधर्वांचे आयुष्य याच न्यायाने पाहावे लागते. प्रेक्षकाला उणे काही द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. त्यासाठी उंची वस्त्रे, अत्तरे, गालिचे लागत. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असत. या हौसेने रंगभूमीला ऐश्वर्य दिले, पण हिशेबाच्या वहीकडे मात्र त्यांचे लक्ष कधी गेले नाही. भागीदार दूर झाले आणि १९२१ मध्ये ते मंडळीचे एकटे मालक झाले, तेव्हा मालकीबरोबर कर्जाचा डोंगरही वाट्याला आला. कष्टाने ते कर्ज त्यांनी फेडले, पण खर्चाचा हात आखडला नाही.

त्यातच १९३१ नंतर बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला. १९३५ मध्ये त्यांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली, परंतु समोर श्रोते नसलेल्या कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले, तेव्हा वय आणि काळ दोन्ही पुढे गेले होते. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. पुढे पायांतील शक्ती गेली. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण त्याच वर्षी सहचारिणी गोहरबाईंचे निधन झाले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

या पडझडीला केवळ बोलपट किंवा सावकार जबाबदार नव्हते. हिशेबी बालगंधर्व कदाचित सुखात जगले असते, पण ते ‘स्वयंवर’ मराठी माणसाला पाहायला मिळाले नसते. सुधाकराच्या प्रमादाची किंमत निरपराध सिंधूने मोजली. बालगंधर्वांच्या औदार्याची झळ त्यांच्या घरालाही लागली, मात्र त्याचे फळ रसिकांच्या पदरात पडले. १९६२ मध्ये पुण्यात ज्या रंगमंदिराची कोनशिला त्यांनी स्वतः बसविली, त्याचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी झाले. ते पाहायला बालगंधर्व मात्र उरले नव्हते.