गॅदरिंगमधले देवल मास्तर

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचं ठरलं, तोवर सहली, छड्या आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचा बाकीच्यांनी पळवल्या होत्या. माझ्या वाट्याला गॅदरिंग उरलं. गॅदरिंग म्हटलं की मला आठवते १९९३ची आपली नववी, बाईंनी बसवलेले 'शारदा'मधले दोन प्रवेश आणि माझ्या अंगावरचं वडिलांचं उपरणं. गळा नाही म्हणून मला कांचनभट केलं होतं. नाटक कोणाचं हे परीक्षेपुरतं पाठ होतं. तो माणूस कोण होता ते वाचायला मात्र मला चाळिशी उलटावी लागली. म्हणून हा लेख गोविंद बल्लाळ देवलांविषयी आहे. आपल्याविषयीही आहे, पण शेवटी.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५चा. बालपण हरिपूरला गेलं, म्हणजे आपण सायकली हाणत ज्या कृष्णा-वारणेच्या संगमावर जायचो तिथेच. शिक्षण बेळगावला. तिथे त्यांना गुरू भेटले ते बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. याच अण्णांनी पुढे १८८०मध्ये पुण्यात 'शाकुंतल' करून संगीत नाटकाला उभं केलं. देवल १८७९मध्ये मॅट्रिक झाले, बेळगावलाच हायस्कुलात शिकवू लागले आणि अण्णांच्या नाटकांत कामं करता करता तालमी घेण्यात त्यांचा उजवा हात झाले. नाटकात जाणं हे तेव्हा चांगल्या घरचं लक्षण मानत नसत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. १८८५मध्ये अण्णा गेले आणि देवल आर्योद्धारक नाटक मंडळीला नाटकं बसवून देऊ लागले. मध्येच १८९४मध्ये ते शेतकीचा अभ्यास करायला पुण्याला गेले. पोटापाण्याचा दुसरा काही मार्ग हवा असं त्यांनाही वाटलं असणार. इंजिनिअरिंगला जाण्यापूर्वी आपल्यातल्या किती जणांनी पेटी माळ्यावर टाकली ते आठवा.

त्यांची नाटकं सात. त्यांतली सहा रूपांतरित: 'मृच्छकटिक' शूद्रकाचं, 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलिएरपर्यंत जातं. उसनं म्हणून याला नावं ठेवणारे भेटतात. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर असा चालवायचा की तो तिथलाच वाटावा, यात काय घाम निघतो ते मला माहीत आहे. फाल्गुनराव परदेशातून आलाय असं आपल्याला कधी वाटलं का?

स्वतंत्र नाटक एकच, 'शारदा'. १८९९मध्ये किर्लोस्कर मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढायचंय, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो आणि कांचनभट पैशासाठी पोटची पोर द्यायला निघतो. पुराणातले राजे-राण्या बाजूला ठेवून, प्रेक्षकांच्या वाड्यात चालणारा सौदा देवलांनी त्याच प्रेक्षकांसमोर मांडला. गंमत अशी की तेव्हा शारदेचं काम करायला मुलगी मिळणं शक्य नव्हतं. शारदाही मुलगा आणि तिच्या मैत्रिणीही मुलगेच. १९२९च्या बालविवाहाच्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात तो या नाटकामुळे, असं मी कितीतरी वर्षं छातीठोक सांगत असे. ते नाव हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलेलं आहे.

देवल पुढे किर्लोस्कर मंडळीत तालीम मास्तर होते. १९०५मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा तिथे आला, त्याला उभं राहायला, बोलायला देवलांनी शिकवलं. तोच बालगंधर्व. 'संशयकल्लोळ' आधी गद्य होतं, पदं त्यात नंतर आली. १४ जून १९१६ला देवल वारले. मास्तरकी त्यांनी सोडली असं मला वाटत नाही, फक्त वर्ग बदलला.

आता आपल्याविषयी. आपल्या शारदेचं नाव लिहीत नाही, वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. तिचा आवाज काळी चारमध्ये कसा लागायचा ते सरांना आठवत असेल. दहावीचा निकाल लागला आणि पावसाळ्यानंतर तिच्या लग्नाची पत्रिका आली. नवरा चौदा वर्षांनी मोठा होता. आपण पंधरा-वीस जणी गेलो, जिलबी खाल्ली, फोटो काढून घेतले. दीड वर्षापूर्वी शाळेच्या स्टेजवर मी तिचा सौदा केला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या दिवशी मी अक्षता टाकल्या. आपल्यापैकी कोणीच कोणाला काही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. अकरावीचा फॉर्म तिने भरून ठेवला होता हे मला तिनेच सांगितलं, गेल्या महिन्यात, मेळाव्याचं आमंत्रण द्यायला फोन केला तेव्हा.

वाईट वाटून घेऊ नकोस, असं ती म्हणाली नाही. ते मला बरं वाटलं. संसार झाला, मुलगी शिकून नोकरीला लागली, एवढं सांगून तिने विषय बदलला. मेळाव्याला ती येणार आहे. शाळेची जुनी पेटी अजून आहे का, असं विचारत होती. मी ऑफिसात तपास केला. पेटी आहे, भाता फाटलाय. दुरुस्तीचे पैसे मी देते, पण ती मिरजेला कोणीतरी पोचवायला हवी. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात मला कळवावं.