पॉल एर्लिख : न दिसणाऱ्या प्रथिनांचे रेखाटनकार

सायलेशियातील श्ट्रेलेन येथे (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) १४ मार्च १८५४ रोजी एका ज्यू कुटुंबात जन्मलेले पॉल एर्लिख सामान्य वाचकाला ठाऊक असतात ते उपदंशावरील साल्व्हरसान या औषधामुळे. माझ्या मते त्यांचे अधिक मूलगामी कार्य पेशीच्या पृष्ठभागाविषयीचे आहे.

आईकडचे नातलग कार्ल वायगर्ट यांच्यामुळे त्यांना ऊती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा छंद जडला. एखादा रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, असे का? विद्यार्थिदशेत पडलेल्या या प्रश्नाने त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. मध्यंतरी क्षय जडल्याने त्यांना काही काळ इजिप्तमध्ये काढावा लागला.

पुढे घटसर्पावरील लस-रक्तद्रव हाती आले. एमिल फॉन बेरिंग यांच्या या उपचाराचे सामर्थ्य दर खेपेला बदले, आणि प्रश्न मुलांच्या प्राणांचा होता. एर्लिख यांनी ते मोजण्याची भरवशाची पद्धत बसवली. त्याच मोजमापांतून १८९७ मध्ये पार्श्वशृंखला सिद्धान्त पुढे आला. पेशीच्या बाहेरील अंगास अन्नघटक पकडणाऱ्या शृंखला असतात. विषाचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा त्यांपैकी एकीत अडकतो. निकामी शृंखलेची भरपाई करताना पेशी गरजेहून अधिक शृंखला निर्माण करते आणि जादा शृंखला सुटून रक्तात येतात. हीच प्रतिपिंडे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे चित्रांसह मांडले. कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून न दिसणाऱ्या गोष्टींची ती चित्रे विरोधकांना खुपली. ज्यूल बोर्दे यांच्याशी तर दीर्घ वाद झाला. १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल मिळाले, तरी सिद्धान्ताचे दिवस फिरलेच. निसर्गात नसलेल्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या रसायनांविरुद्धही शरीर प्रतिपिंडे बनवते, असे कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवले. त्यांच्यासाठी शृंखला आधीच तयार कशी असणार?

२० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिख निवर्तले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधील रस्त्यावरून त्यांचे नाव पुसले गेले आणि पत्नी हेडविग यांना देश सोडावा लागला.

१९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी आधीपासून सज्ज असलेल्या ग्राही प्रथिनांची कल्पना नव्या रूपात मांडली आणि १९७० च्या सुमारास बी पेशींच्या पटलावर प्रतिपिंडाचे रेणू प्रत्यक्ष आढळले. एर्लिख एका पेशीवर नाना प्रकारच्या शृंखला कल्पीत. वस्तुतः प्रत्येक बी पेशीवर एकाच लक्ष्याला ओळखणारी प्रथिने असतात, आणि त्यांचा अन्नाशी काही संबंध नसतो.