संकल्पाचे धनी : शेठ वालचंद हिराचंद

जैन आचारात पच्चक्खाणाला मोठे स्थान आहे. नवकारसीचे असो वा अठ्ठाईचे, एकदा घेतलेले पच्चक्खाण पारण्यापर्यंत निभावण्याचे वळण आपल्या घरांतून बालपणीच लागते. हाच निश्चय एखाद्या श्रावकाने व्यवहाराच्या क्षेत्रात नेला तर काय घडते, हे शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात पाहावयास मिळते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे; कापसाचा व्यापार व सावकारी हा सोलापुरातील व्यवसाय. जन्मानंतर थोड्याच काळात त्यांचे मातृछत्र हरपले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे काही काळ शिक्षण झाले, परंतु पदवी न घेताच ते पेढीवर आले. आरंभीच्या स्वतंत्र व्यवहारात, ज्वारीच्या खरेदीत, त्यांना मोठी खोट आली. व्यापारी घरात पहिल्याच सौद्यात बुडालेल्या मुलाकडे थोरली मंडळी कोणत्या नजरेने पाहतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

या तोट्यातून वालचंदांनी काढलेला निष्कर्ष मात्र निराळा होता. व्यापार आपल्याला जमत नाही असे त्यांना वाटले नाही. गादीवर बसून भावाच्या चढउताराची वाट पाहणे आपल्या प्रकृतीस मानवणारे नाही, हे त्यांनी ओळखले. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत शिरलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. कामाची माहिती फाटकांची, भांडवल वालचंदांच्या बाजूचे. बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गाचे काम हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. उन्हातान्हात मजुरांमध्ये उभे राहून काम करवून घेण्यात या सावकारपुत्राला आपला मार्ग सापडला. पुढे १९२० नंतर त्यांच्या कंपनीने भोर घाटात रेल्वेचे बोगदे खोदले. दौंडहून मुंबईस जाणाऱ्या आपल्या भागातील प्रवाशांना तो घाट चांगलाच परिचयाचा आहे.

परंतु त्यांच्या निश्चयाची खरी कसोटी जमिनीवर लागली नाही, ती समुद्रावर लागली. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या सागरी वाहतुकीवर इंग्रज कंपन्यांची जवळजवळ मक्तेदारी होती. ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीस असल्याचे कळताच वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह ती विकत घेतली व १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. जहाजाचा कसलाही पूर्वानुभव नसलेल्या ठेकेदाराने हे धाडस करावे, याला व्यवहारी माणूस अविचारच म्हणेल. आणि हिशेबाच्या वहीपुरते ते बोलणे खोटेही नव्हते. बोट जुनी होती. १८९० च्या सुमारास बांधलेली ही बोट १९२३ मध्ये मोडीत काढावी लागली.

दरम्यान लॉर्ड इंचकेप यांच्या प्रबळ कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला जेरीस आणले. स्वस्त भाड्याच्या मोहाने आपलेच व्यापारी परक्या बोटींकडे वळत, ही त्यातील सर्वांत बोचरी गोष्ट. कंपनी विकून टाकण्याचा प्रस्ताव आला, तो नाकारण्यात आला. शेवटी १९२३ मध्ये तडजोड झाली. तिच्यामुळे कंपनी जगली, पण दहा वर्षांसाठी तिच्या जहाजांच्या संख्येवर व मार्गांवर जाचक बंधने आली. हा करार वालचंदांच्या मनाला आयुष्यभर सलत राहिला. तरीही त्यांनी कंपनी सोडली नाही. निश्चय म्हणजे प्रत्येक वेळी छाती पुढे काढणे नव्हे; अपमान गिळून दुकान उघडे ठेवणे हेही कित्येकदा त्याहून कठीण असते. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी निवर्तल्यावर अध्यक्षपद वालचंदांकडे आले, व पुढील सुमारे दोन दशके ते त्यांनी सांभाळले.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात, त्यांनी नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा केला, साखर कारखाना काढला. तेच पुढे वालचंदनगर झाले. माळरानावर वसलेली ही वसाहत पाहिली म्हणजे शेठजींच्या चिकाटीची कल्पना येते.

वयाची साठी जवळ आली असता त्यांनी विमान, जहाजबांधणी आणि मोटार असे तीन कारखाने जवळपास एकाच वेळी मनावर घेतले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. परंतु १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. जहाजबांधणीसाठी कलकत्त्यास मनाजोगती जागा मिळाली नाही, म्हणून ते विशाखापट्टणमला गेले. तेथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्षाच्या आतच, एप्रिल १९४२ मध्ये, त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले व काम विस्कळीत झाले. एक काम मार्गी लागण्यापूर्वी दुसऱ्यात हात घालण्याची त्यांची ही रीत सावध व्यापाऱ्यास पटणारी नाही, आणि तिचा भार त्यांच्या भागीदारांना व पेढ्यांना सोसावा लागला, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

१४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे आठ हजार टनांचे जहाज विशाखापट्टणमच्या पाण्यात उतरले. ‘लॉयल्टी’च्या प्रवासाला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. त्यानंतर थोड्याच काळात वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला व १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. १९५२ मध्ये विशाखापट्टणमचा कारखानाही मुख्यत्वे सरकारच्या मालकीचा झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे शेठजींनी देह ठेवला. मोडीत निघालेल्या त्या जुन्या बोटीचा प्रस्थानदिन, ५ एप्रिल, १९६४ पासून देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.