विश्लेषण : लाकडी प्रेस, तुपाची शाई आणि पहिले छापील पंचांग… कोण होते गणपत कृष्णाजी?

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, त्यातच अभ्यास, त्यातच पाहुण्यांची पंगत. गुढीपाडव्याला अशा खोलीत नवे पंचांग येते, त्याला हळदकुंकू लागते आणि मग ते वर्षभर देव्हाऱ्याशेजारी किंवा भिंतीवरच्या खिळ्याला राहते. मूंजीचा मुहूर्त असो की गावच्या जत्रेची तारीख, हात आधी तिकडे जातो. आता मोबाइलवरही पंचांग मिळते, पण कागदाचे अजून सुटलेले नाही.

हेच पंचांग छापलेले आहे म्हणून हातात घ्यायला लोक कचरत होते, असे सांगितले तर आज खरे वाटणार नाही. पण १८३१च्या मुंबईत तसे घडले. तेव्हा परळ-लोअर परळमध्ये एकही गिरणी नव्हती. मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला उभी राहायला अजून पंचवीस वर्षे होती. भंडारी समाजातल्या गणपत कृष्णाजी पाटील यांनी त्या काळात हाताने केलेला लाकडी प्रेस, दगडाचे लहान तुकडे आणि स्वतः घोटलेली शाई यांवर छपाईचे प्रयोग केले. मुंबईत मराठी माणसाने उभारलेला पहिला छापखाना त्यातूनच निघाला.

छपाईची कला त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली?

अमेरिकेतले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि काही वर्षांत त्यांनी स्वतःचा छापखाना सुरू केला. १८१७ मध्ये तिथून मराठी मजकुराची पहिली पुस्तिका बाहेर पडली. विषय अर्थातच ख्रिस्ती धर्माचा. मराठी अक्षरांचे खिळे पाडणे, ते जुळवणे, शाई लावणे, कागद दाबणे ही सगळी कामे मुंबईतल्या कामगारांच्या डोळ्यांसमोर होत होती. गणपत कृष्णाजी हे काम याच मिशनच्या छापखान्यात शिकले.

तिथे त्यांना एक गोष्ट खुपली असणार. छापायचे तंत्र हातात आले होते, पण छापले जात होते ते दुसऱ्याच्या धर्माचे. आपल्याकडच्या पोथ्या मात्र अजून हातानेच उतरवल्या जात. एक पोथी नकलून घ्यायला महिने लागत, पैसे लागत आणि नकलणाऱ्याची चूक पुढच्या प्रत्येक नकलेत जात असे. आपली पुस्तके आपणच छापावीत, हा विचार त्यांनी मनावर घेतला.

अडचण भांडवलाची होती. लोखंडी प्रेस विलायतेहून यायचा आणि तो पगारदार कामगाराच्या आवाक्यातला नव्हता. खिळे पाडायचे तर देवनागरीला इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरे पुरत नाहीत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली तर शेकडो खिळे लागतात. म्हणून सुरुवातीला त्यांनी खिळ्यांचा नाद सोडला आणि दगडाकडे वळले.

शिळाछाप म्हणजे काय?

शिळाछापाचे तंत्र तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते. त्याचा शोधही असाच तंगीतून लागला होता. जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर नावाचा नाटककार होता. आपली नाटके छापून घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून तो स्वतःच छपाईचे प्रयोग करत बसला. आधी तांब्याच्या पत्र्यावर, मग स्वस्त पडणाऱ्या चुनखडीच्या दगडावर. १७९० च्या दशकाच्या अखेरीला त्याला पद्धत सापडली.

तिचे तत्त्व स्वयंपाकघरातले आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर चरबीयुक्त शाईने लिहायचे किंवा चित्र काढायचे. मग डिंक आणि सौम्य आम्ल यांचे मिश्रण फिरवायचे. त्यामुळे लिहिलेला भाग तेल धरून राहतो आणि उरलेला दगड पाणी धरून ठेवतो. नंतर दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांवर बसते, ओल्या भागावर नाही. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उठतो. दगडावर काही कोरावे लागत नाही. काम झाले की दगड घासायचा आणि पुन्हा वापरायचा.

मराठीसाठी ही पद्धत जणू मापाने शिवलेली होती. कितीही अवघड जोडाक्षर असो, लेखकाने लिहिले की झाले. छापलेले पान हस्तलिखित पोथीसारखेच दिसायचे, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यालाही ते परके नव्हते. आणि पंचांग म्हणजे तर रकानेच रकाने. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, प्रत्येकाचे आकडे आणि मध्ये उभ्या-आडव्या रेषा. खिळे जुळवून असे कोष्टक बसवणे ही डोकेदुखी. दगडावर तेच काम पट्टी आणि लेखणीने होते. गणपत कृष्णाजींनी पंचांग आधी निवडले यामागे श्रद्धा होतीच, पण तंत्राचे गणितही चोख होते.

एक कटकट मात्र होती. दगडावर अक्षरे उलटी, आरशात दिसतात तशी लिहावी लागत. नाहीतर विशेष लेप दिलेल्या कागदावर सुलटे लिहून ते दगडावर उतरवावे लागे. दोन्हींना हात बसलेला माणूस हवा.

घरच्या घरी प्रयोग : काय होते, काय नव्हते?

गणपत कृष्णाजींबद्दल बरीच माहिती गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ मधल्या पुस्तकामुळे टिकली. पुढे अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना ती पुन्हा उजेडात आणली. त्यातून दिसणारा माणूस आधी कारागीर आहे, मग प्रकाशक.

त्यांनी पहिला प्रेस लाकडाचा केला, तोही स्वतः. आजच्या भाषेत हा प्रोटोटाइप. शिळाछापाच्या प्रेसला दाब सगळीकडे सारखा लागतो, जरा कमी-जास्त झाला की अर्धे पान काळे आणि अर्धे पुसट. लाकूड दमट हवेत फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुंबईच्या पावसाळ्यात अशा प्रेसवर एकसारखा छाप काढणे म्हणजे रोज नव्याने जुळवाजुळव.

दगडाचीही तीच गत. मुंबईत काळा दगड हवा तेवढा, पण शिळाछापाला तो चालत नाही. तेल आणि पाणी दोन्ही बेताने शोषून घेणारी बारीक पोताची चुनखडी लागते, आणि तिचे नाव झाले होते ते बव्हेरियाच्या खाणींमुळे. गणपत कृष्णाजींनी मोठी शिळा मिळेपर्यंत वाट पाहिली नाही. लहान तुकडे मिळवले आणि त्यांवर नमुने छापून पाहिले. तुकड्यावर चार ओळी नीट उठल्या तर पानही उठेल, हा हिशेब.

तिसरी वस्तू शाई. लिहायची शाई इथे चालत नाही, कारण ती पाण्याची असते. छपाईची शाई जवसाचे तेल आटवून दाट करून त्यात काजळी घोटून करतात. तेल कमी आटले तर अक्षराभोवती पिवळा डाग पसरतो, जास्त आटले तर रूळ कागदच ओढून घेतो. काजळी जाड राहिली तर अक्षर भुरकट होते. ही शाई त्यांनी स्वतः करून पाहिली आणि जमेपर्यंत करत राहिले. पुढे त्यांच्या छपाईचे कौतुक झाले ते ठसठशीत काळेपणाचे आणि स्वच्छ अक्षरांचे.

हे तत्त्व आजही कोणाला छोट्या खोलीत पाहता येईल. काही वर्षांपूर्वी फ्रान्समधून पसरलेल्या एका पद्धतीत दगडाऐवजी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल वापरतात. तो सपाट फळीवर ताणून बसवायचा, बोट न लावता त्यावर कोरड्या साबणाने किंवा तेलकट खडूने चित्र काढायचे आणि वरून कोला ओतायचे. कोलातले फॉस्फोरिक आम्ल मोकळ्या फॉइलवर काम करते, चित्राखालचा भाग तसाच राहतो. मग पाण्याने धुऊन, खाद्यतेलाच्या बोळ्याने चित्र पुसून, फॉइल ओला ठेवत तेलाच्या शाईचा रूळ फिरवायचा. प्रेस नसला तर चमच्याची पाठ चालते. पहिले दोन-चार छाप बहुतेक वाया जातात. फॉइलला बोटाचा तेलकट ठसा लागला तर तोही इमानेइतबारे छापला जातो.

मग लोक घाबरत कशाला होते?

तंत्र जमले तरी खरा पेच पुढेच होता. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते, असा समज लोकांत होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. शिळेवर लिहायच्या शाईत साबण, मेण आणि चरबी वापरण्याची युरोपात रीतच होती. स्निग्ध पदार्थाशिवाय हे तंत्र चालतच नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर सगळी छपाई उभी होती, नेमक्या त्याच गोष्टीला सोवळ्यातल्या लोकांची हरकत होती. त्यात छापखाना आला मिशनऱ्यांच्या हातून. पूजेच्या जागी ठेवायचा ग्रंथ असा कसा चालेल? छापील कागदाला स्पर्शही नको, अशी भूमिका अनेकांनी घेतली.

गणपत कृष्णाजी यावर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी धार्मिक पुस्तकांच्या शाईत चरबीऐवजी तूप वापरले. रसायनशास्त्राच्या नजरेतून पाहिले तर तूपही जनावरापासूनच आलेला स्निग्ध पदार्थ. पण ते होमात पडते, नैवेद्यावर पडते. त्याच्या शुद्धतेवर कोण बोट ठेवणार? तांत्रिक अंगाने हा बदल सोपा नव्हता. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते, तूप सुकत नाही आणि मुंबईच्या उकाड्यात पातळ होते. त्याचे प्रमाण चुकले तर शाई पसरणार आणि पान बोटाला लागणार. तरीही त्यांनी हा मार्ग धरला, कारण पुस्तक कितीही सुबक असले तरी हातात घेतलेच गेले नाही तर छापून उपयोग काय?

या प्रसंगाला जातीचीही बाजू होती, ती टाळून पुढे जाता येणार नाही. पंचांगाचे गणित करणे, पाडव्याला ते वाचून दाखवणे, नकला करणे हे सगळे ब्राह्मण जोशांच्या हातात होते. ते पंचांग भंडारी समाजातला एक कारागीर आपल्या प्रेसवर शेकड्यांनी काढणार, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पंचांग कधी निघाले?

मार्च १८३१ मध्ये, शके १७५३ चे. मुंबईतले पहिले छापील मराठी पंचांग म्हणून ते ओळखले जाते. त्याच वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते पुढच्या जानेवारीत. म्हणजे मराठीतले पहिले वृत्तपत्र येण्याच्या आधी छापील पंचांग आले होते.

विरोध एकदम मावळला नाही, पण पंचांग ही दरवर्षी लागणारी वस्तू. पाडवा आला की नवे हवे, आणि हाताने उतरवलेल्या प्रतीपेक्षा छापील प्रत मिळायला सोपी. ज्यांनी आधी नाक मुरडले, त्यांच्याही घरात हळूहळू छापील पंचांग गेले. सगळ्यांच्या हातात एकच प्रत असण्याचा आणखी एक परिणाम झाला. गणित चुकले तर ते सगळ्यांना दिसू लागले. पुढे १८६० च्या दशकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या नव्या पंचांगाचा आग्रह धरला. तो वाद इतका गाजला, कारण पंचांगे तोवर छापील झाली होती.

नंतर छापखान्याचे काय झाले?

लाकडी प्रेसची जागा लोखंडी प्रेसने घेतली. दगडावर हात बसल्यावर गणपत कृष्णाजी पुन्हा खिळ्यांकडे वळले. अक्षरांचे ठसे आणि साचे तयार करून त्यांनी देवनागरी खिळे पाडले आणि शिळाछापाच्या जोडीला खिळ्यांची छपाई सुरू केली. ज्या शेकडो खिळ्यांच्या खर्चाने सुरुवातीला माघार घ्यायला लावली होती, ते आता त्यांच्याच कारखान्यात तयार होत होते. संस्कृत आणि मराठी ग्रंथांसाठी मुंबईत त्यांच्या छापखान्याचे नाव झाले.

१८६० मध्ये गणपत कृष्णाजी वारले. मिशनच्याच छापखान्यात काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक अक्षरांपुढे जुन्या छापखान्यांची चमक पुढे कमी झाली. पण गणपत कृष्णाजींचा छापखाना त्यांच्यामागेही चालू राहिला. शके १७९९, म्हणजे १८७७ मध्ये तिथून नीलकंठाच्या टीकेसह महाभारत निघाले. पोथीसारख्या आडव्या पानांची ही मुंबई प्रत आजही महाभारताच्या अभ्यासकांच्या संदर्भसूचीत असते आणि तिथे छापखान्याचे नाव गणपत कृष्णाजी असेच लिहिलेले असते.